सोमवारच्या बारा चिठ्ठ्या

कॉम्प्युटर आला त्या दिवशी कंपनीतली सगळी माणसं हातातली कामं टाकून जिन्यात उभी राहिली. तीन मोठी खोकी होती, आणि ती वरच्या मजल्यापर्यंत चौघांनी खांद्यावरून आणली. कारण शहरभरच्या लिफ्टची देखभाल करणाऱ्या या कंपनीच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. हा विनोद पुढे कित्येक दिवस सगळ्यांना पुरला.

मालकांना सगळे साहेब म्हणायचे. साहेबांनी ऊन न येणारी एक खोली त्या मशीनसाठी रिकामी केली होती. खालचा डबा टाइपरायटरच्या दुप्पट रुंद, त्याच्या तोंडावर शेजारी शेजारी दोन खाचा, वर जाड काचेचा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. बाजूला प्रिंटर. तो सुरू झाला की पत्र्यावर करवत चालवल्यासारखा आवाज व्हायचा आणि शेजारच्या खोलीतला हिशेबनीस कानात बोटं घालून बसायचा.

त्यावर कुणी बसायचं हा प्रश्न होता. ऑफिसात टायपिस्ट तिघी होत्या. त्यातली पस्तिशीची, सगळ्यांची ताई, काही सर्वांत जलद नव्हती. पण साहेबांनी तिलाच बोलावलं. "मला वेग नकोय, ताई. बिनचूक माणूस हवंय."

ही गोष्ट तिच्या सासूबाईंनी दोन दिवसांत अख्ख्या गल्लीत पोचवली. ताईचा नवरा मालवाहू जहाजावर असायचा, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात सासू आणि सून दोघीच. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून मशीनवर बसते आता."

"शिवणाच्या?"

"शिवणाच्या कसल्या? विचार करणाऱ्या!"

शिकवायला कॉम्प्युटर विकणाऱ्यांचा माणूस आला, तो तीन दिवस राहिला. लिखाण साठवणाऱ्या चौकोनी फ्लॉपीच्या उघड्या भागाला बोट लावू नका, चुंबक जवळ आणू नका, आणि रोज संध्याकाळी दिवसभराच्या फ्लॉपीची नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर करा, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. "नक्कल करताना मूळ फ्लॉपी डाव्या खाचेत, नकलेची उजव्या. आणि त्याआधी मूळ फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर ही रुपेरी पट्टी चिकटवा. पट्टी असली की तिच्यावर काही लिहिलं जात नाही. चुकून उलटसुलट झालं तरी ती वाचते." ताईनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि पट्टीखाली दोन रेघा मारल्या.

काम असं होतं. शहरातल्या एकशे साठ लिफ्ट कंपनीकडे होत्या आणि त्या तपासायला चार मिस्त्री होते. मिस्त्री लिफ्ट पाहून आला की चिठ्ठी लिहायचा: कुठली इमारत, काय पाहिलं, काय बदलायला हवं. पूर्वी ती चिठ्ठी त्या लिफ्टच्या कार्डाला टाचली जायची. आता ताई ती कॉम्प्युटरमध्ये लिहिणार आणि आठवड्याच्या शेवटी कुणी कुठे जायचं, काय बदलायचं, याची यादी छापून देणार.

"आणि चिठ्ठ्या?" तिनं विचारलं होतं.

"टाइप झाली की टोपलीत," साहेब म्हणाले. "दोन्ही सांभाळायचं तर कॉम्प्युटर घेतला कशाला?"

चारही मिस्त्र्यांत वयानं मोठे होते त्यांना सगळे मामा म्हणायचे. तीस वर्षं ते लिफ्टच्या विहिरीत उतरत होते. बोथट पेन्सिलीनं मुंगीएवढी अक्षरं काढायचे, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला असायचाच. नवं मशीन पाहायला ते एकदाच आले. पडद्याकडे बघत म्हणाले, "काय गं, याला दोराचा वास येतो का?"

"नाही येत, मामा."

"मग याला कळणार कसं?"

"तुम्ही सांगाल ते मी याला सांगणार."

"असं होय," मामा म्हणाले. "म्हणजे तूच आहेस म्हण की आत."

सगळे हसले. ताईही हसली.

चार महिने काम सुरळीत चाललं. छापील याद्या पाहून साहेब खूश होते. जुन्या कार्डांचं लाकडी कपाट आधी जिन्याखाली गेलं आणि मग रद्दीत. ताईचा हात मशीनवर असा बसला की न बघताही फ्लॉपी खाचेत सरकायची. आणि हात बसला की जे होतं तेच झालं. सवयीनं धाक गेला. रोजची नक्कल एक दिवसाआड होऊ लागली, मग दोन दिवसांआड. रुपेरी पट्टी लावायची आणि सकाळी पुन्हा काढायची, हा उपद्व्याप तिनं कधीचाच सोडून दिला होता.

एका बुधवारी साडेपाचला तिला आठवलं की शुक्रवारनंतर नक्कल केलेलीच नाही. सासूबाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ सहाची होती. तिनं घाईघाईत दोन्ही फ्लॉपी घातल्या, कळ दाबली आणि पिशवी आवरायला घेतली. मशीन घुर्र घुर्र करत राहिलं. काम संपल्याची ओळ आली, आणि फ्लॉपी काढताना तिनं त्यांच्यावर चिकटवलेली लेबलं वाचली.

डावीकडे नक्कल होती, उजवीकडे मूळ. शुक्रवारची जुनी नक्कल तिनं बुधवारच्या ताज्या फ्लॉपीवर उमटवली होती. सोमवार, मंगळवार आणि बुधवार, तीन दिवसांचं लिखाण पुसलं गेलं होतं.

डॉक्टरची वेळ हुकलीच. टोपली जमिनीवर उपडी करून ती चिठ्ठ्या सरळ करत बसली. मंगळवारच्या सगळ्या मिळाल्या, बुधवारच्याही. सोमवारच्या मात्र नव्हत्या, एक दिवसाआड येणाऱ्या झाडूवालीनं मंगळवारी सकाळीच टोपली रिकामी केली होती.

सोमवारी बारा चिठ्ठ्या आल्या होत्या, एवढं तिला पक्कं आठवत होतं. मिस्त्र्यांना सकाळी विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण विचारायचं म्हणजे सांगायचं. बिनचूक म्हणून निवडलेल्या बाईनं सांगायचं की मी तीन दिवस पुसून टाकले. तिची जीभ रेटेना. गुरुवारी सकाळी लवकर येऊन तिनं आठवून आठवून लिहायला सुरुवात केली. बँकेच्या लिफ्टचं दार घासतं, दवाखान्याच्या लिफ्टचा दिवा गेलाय. अकरा चिठ्ठ्या तिला ओळ न् ओळ आठवल्या. बारावी निळ्या फाटकाच्या पाचमजली इमारतीची होती. मामा तिथे जाऊन आले होते, एवढंच आठवत होतं. काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना.

विशेष काही असतं तर आठवलं असतं, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि लिहिलं: तपासणी झाली. ठीक.

पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटरच्या यादीवरून मिस्त्र्यांचे भाग नव्यानं पाडले गेले. मामांकडे नदीपलीकडचा भाग आला. निळ्या फाटकाची इमारत दुसऱ्याकडे गेली. त्याच्या यादीत तिथली पुढची तपासणी तीन महिन्यांनी होती.

अडीच महिन्यांनी, एका सकाळी साडेदहाला, त्या इमारतीची लिफ्ट चौथ्या मजल्यावरून कोसळली. आत एकच माणूस होता, पाचव्या मजल्यावर बहिणीसोबत राहणारा घड्याळजी. घरातल्याच खिडकीशी बसून तो शहरातली नाजूक घड्याळं दुरुस्त करायचा. कोसळणाऱ्या लिफ्टला बाजूच्या रुळांवर पकडून धरणारे जबडे उशिरा का होईना अडकले, म्हणून जीव वाचला. पण कमरेचं हाड मोडलं, आणि उजव्या मनगटाचा पार चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण चिमटा धरण्याइतका तो कधीच स्थिर होणार नाही.

बातमी आली तेव्हा ताई यादी छापत होती. इमारतीचं नाव कानावर पडलं, आणि त्याच क्षणी ती हरवलेली चिठ्ठी तिला लख्ख आठवली. कोपऱ्यावर अंगठा आणि मुंगीएवढी अक्षरं: दोन्ही दोरांच्या तारा तुटताहेत. महिन्याच्या आत बदला. अडीच महिने कुठे दडून बसली होती कोण जाणे. तिनं खुर्चीचा हात धरला. शेजारी प्रिंटर करकरत होता.

सरकारी तपासनीस दुसऱ्याच दिवशी आले. मामांनी छातीठोकपणे सांगितलं, "मी लिहून दिलं होतं. दोर बदला म्हणून लिहून दिलं होतं." पण चिठ्ठी कुठे? चिठ्ठी नव्हती. कॉम्प्युटरमध्ये काय? ठीक. मशीन विकणाऱ्यांचा माणूस येऊन तपासून गेला, मशीन धडधाकट होतं. तपासनिसांनी मामांना वय विचारलं. निवृत्तीला किती दिवस राहिले ते विचारलं. चष्म्याचा नंबर विचारला. मग वहीत काहीतरी लिहिलं.

त्या संध्याकाळी साहेबांनी ताईला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. दोन दिवसांत त्यांचा चेहरा पार उतरला होता. म्हणाले, "परवा तुम्हाला विचारतील. तुम्ही एवढंच म्हणा, चिठ्ठी आली असेल तर मी लिहिली असेल, मशीननं गिळली असेल. मशीनला कुणी तुरुंगात टाकत नाही. चाळीस घरं चालतात ताई या ऑफिसवर."

"आणि मामा?"

साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "मामांना असंही घरीच बसायचंय आता."

घरी आल्यावर ताईनं चपलाही काढल्या नाहीत. दारातच उभं राहून तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. तोपर्यंत तिनं ते कुणालाच, पत्रातून नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. सासूबाई भाजी निवडत होत्या. हात थांबला.

"कुणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड उघडू नकोस. त्या माणसाचा हात काय तू बोलल्यानं बरा होणार आहे?"

"नाही होणार."

"मग?"

"मामांना खोटं पाडताहेत, आई."

"पाडू देत. पुरुषमाणूस आहे, बघेल आपलं." बोलता बोलता त्यांनी निवडलेली भाजी पुन्हा देठांत टाकली. "तुझं नाव खराब झालं तर गल्लीतून चालायचं कसं मी? सगळ्यांना सांगत फिरले होते."

दोघी जेवायला बसल्या आणि दोघींनीही ताटं तशीच सारली.

चौकशी कॉम्प्युटरच्याच खोलीत झाली, कारण तपासनिसांना नोंद डोळ्यांनी पाहायची होती. साहेब, मामा आणि घड्याळजीची बहीण असे तिघे आले होते. खोली लहान, खुर्च्या दोनच, म्हणून सगळेच उभे राहिले. ताईनं मशीन लावलं, फ्लॉपी घातली, इमारत शोधली. हिरवी ओळ पडद्यावर आली.

तपासनिसांनी वाकून वाचली. "'तपासणी झाली. ठीक.' हे कुणी लिहिलं?"

साहेब म्हणाले, "ते मशीनच्या आत काय होतं ते आपल्याला..."

"मी लिहिलं," ताई म्हणाली.

"चिठ्ठी पाहून?"

"नाही. चिठ्ठी नव्हती माझ्यापुढे. ती आली होती, मी ती एकदा लिहिलीही होती. मग माझ्या हातून तीन दिवसांचं पुसलं गेलं. सोमवारच्या बारांतल्या अकरा आठवल्या. ही आठवली नाही. मी ठीक लिहून टाकलं."

तिनं पुढे सांगितलं, "मामांनी दोन्ही दोर महिन्याच्या आत बदला असं लिहिलं होतं. मशीननं काही केलेलं नाही. त्याच्या तोंडात घातलं तेच ते बोलतं."

"विचारलं का नाही कुणाला?" तपासनिसांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं आणखी अवघड गेलं.

"लाज वाटली."

घड्याळजीच्या बहिणीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती खोलीबाहेर निघून गेली. मामा भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "माझंही लिहून घ्या. दोर बदललेत की नाही हे मी एकदाही विचारलं नाही. पूर्वी विचारायचो. म्हटलं, आता कॉम्प्युटर आहे, तो बघेल."

तपासनिसांच्या निकालात दोष कंपनीचा ठरला. चिठ्ठ्या फेकायचा नियम कंपनीचा, जुनी कार्डं रद्दीत घातली तीही कंपनीनंच. ताईच्या नावावर ताशेरे आले, मामा मोकळे सुटले. साहेबांनी ताईकडे राजीनामा मागितला. तिनं तो आपल्या हातानंच टाइप केला, जुन्या टाइपरायटरवर. साहेब म्हणाले, "तुम्ही गप्प राहिला असतात तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. चिठ्ठ्या तेव्हापासून पुन्हा जपून ठेवल्या जाऊ लागल्या, आणि प्रत्येक नोंद दुसऱ्या कुणीतरी चिठ्ठीशी ताडून पाहायची असं ठरलं. मशीनवर दुसरी टायपिस्ट बसली.

सासूबाई पाच दिवस बोलल्या नाहीत. सहाव्या दिवशी शेजारणीनं दारात येऊन काही खवचट विचारलं, तेव्हा त्या आतून कडाडल्या, "चुकली माझी सून! पण चुकले म्हणाली. तुमच्या घरात म्हणालंय का कुणी कधी?" मग त्यांनी दार लावून घेतलं आणि ताईकडे न बघता म्हणाल्या, "जेवायला वाढ."

ताई हॉस्पिटलात गेली ती राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी. घड्याळजी साठीकडे झुकलेला, हडकुळा माणूस होता. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. ती कोण हे त्याला बहिणीनं सांगितलेलं होतं. तिनं माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं डावा हात वर केला.

"एकच सांगा. अकरा आठवल्या. मग माझीच कशी नाही आठवली?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "फार विचार केला. खरंच माहीत नाही."

त्यानं मान भिंतीकडे वळवली. "बरं. जा आता."

ती गेली. नंतर एका शाळेच्या ऑफिसात तिला टायपिंगचं काम मिळालं. मामा निवृत्त झाले. ते अधूनमधून येऊन सासूबाईंशी दुखण्यांच्या गप्पा मारत बसायचे. असे सात महिने गेले. मग एका शनिवारी घड्याळजीची बहीण शाळेच्या दाराशी उभी दिसली.

"दादानं विचारलंय," ती ताठ मानेनं म्हणाली, "घरी टाइपरायटर आहे का तुमच्याकडे?"

होता. रविवारी ताई तो घेऊन निळ्या फाटकातून आत गेली आणि पाच मजले चढली. लिफ्ट नवी होती, पण तिनं जिनाच धरला. खिडकीशी घड्याळजीचं टेबल जसंच्या तसं होतं. त्यावर चौतीस घड्याळं ओळीनं मांडलेली, काही उघडी, काहींचे चक्र-काटे काचेच्या वाट्यांत काढून ठेवलेले. अपघात झाला तेव्हा ती सगळी त्याच्याकडे दुरुस्तीला होती.

"लोक वाट बघताहेत," तो म्हणाला. "इतके दिवस मला वाटत होतं, हात सुधारेल. प्रत्येकाला कळवायचंय. डाव्या हातानं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही."

तिनं कागद चढवला. तो सांगू लागला. कुठलं घड्याळ, कुणाचं, काय बिघडलं होतं, कुठपर्यंत काम झालं होतं, कुठला भाग कुठल्या वाटीत आहे, आणि पुढे ज्याच्याकडे न्याल त्याला काय सांगा. कुणाचं घड्याळ सकाळी मागे पडायचं, कुणाचं थंडीत थांबायचं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच वाक्य होतं: हे काम माझ्या हातून आता होणार नाही, कृपया घड्याळ घेऊन जावे.

पहिल्या पत्रात ते वाक्य टाइप करताना ताईची बोटं थांबली. घड्याळजीनं ते पाहिलं. "लिहा," तो म्हणाला. "होणार नाही ते होणार नाही."

प्रत्येक पत्र ती मोठ्यानं वाचून दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा, मान हलवायचा आणि डाव्या हातानं वेडीवाकडी सही करायची खटपट करायचा. पहिल्या रविवारी बारा पत्रं झाली, दुसऱ्या रविवारी अकरा. क्षमेबद्दल तो काही बोलला नाही आणि तिनंही पुन्हा विषय काढला नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी शेवटचं पत्र संपलं तेव्हा बहिणीनं न विचारता तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि स्वतःचा घेऊन समोर बसली.

"सोमवारी टपाल सकाळी नऊला निघतं," बहीण म्हणाली.

"मी शाळेत जाता जाता टाकते."

घड्याळजीनं एका उघड्या घड्याळावरची धूळ फुंकली, वाटीवर झाकण ठेवलं आणि म्हणाला, "पत्ते एकदा बघून घेऊ. मी सांगतो, तुम्ही ताडून पाहा."

मग तिघं मिळून चौतीस पाकिटांवरचे पत्ते वाचू लागले.